तो म्हणजे नेमका कोण

बेळगावच्या खडेबाजारात, कुंद्याच्या दुकानावर दुसरा मजला.
खाली दिवसभर दूध आटतं,
वर मी इंग्रजी आटवते,
बँकेच्या परीक्षेपुरती.

आजचा धडा: सर्वनामाला मालक हवा.
'इट' लिहिलंत की विचारा, काय?
'दे' लिहिलंत की विचारा, कोण?
मागच्या बाकावरून आवाज: "दे म्हंजे सरकार की, बाई."
"कुठलं?"
वर्ग हसला. मीही हसले,
मग खडू उगाच दोनदा झटकला.

विशेषणांचं तर विचारूच नका.
'सायकलवरून उतरताना कपिलेश्वराचं देऊळ दिसलं.'
हे इंग्रजीत जसंच्या तसं नेलं
तर सायकलवरून देऊळ उतरतं.
वडगावच्या मल्लव्वाने वहीत चित्रच काढलं:
देवळाचा पाय पेडलवर, कळसाला घाम.
खोड म्हणणार होते. नाही म्हटलं.

पुढचा प्रश्न.
'व्हेन द शटल हिट द थ्रेड, इट ब्रोक.'
काय तुटलं? पुस्तक म्हणतं, कळत नाही.
मल्लव्वाच्या घरी चार माग.
"धोटा कवा तुटतोय व्हय, बाई? सूतच तुटतंय."
आपल्याकडे तुटला म्हटलं की धोटा,
तुटलं म्हटलं की सूत,
क्रियापदाच्या शेपटीत सगळा निकाल.
पण परीक्षकाच्या घरी माग नाही, मी म्हटलं.
तिला पटलं नाही.
मलाही अर्धंच.

मग भरमा होनगेकर उठला. माझ्या हातातला खडू घेतला.
'व्हेन माय फादर स्पोक टू द कंडक्टर, ही गॉट अँग्री.'
खानापूर बसमधली गोष्ट.
न वाचता आलेल्या पाटीची, सुट्ट्या पैशांची,
आणि एक थांबा आधीच उतरण्याची.
"चिडलं कोण?"
"मराठीत प्रश्नच येत नाही, बाई.
वडील म्हंजे ते. कंडक्टर म्हंजे तो."
खाली ठळक लिहिलं: तो चिडला.
एका मात्रेत सोडवलं होतं पोरानं.
शाबास अगदी ओठांवर आलं होतं.

दुसऱ्या बाकावरची शिवगंगा,
बैलहोंगलची, महिन्यातून दोनदा बोलणारी,
वहीतून मान न काढता म्हणाली,
"आमचे अप्पा कंडक्टर आहेत. त्याच रूटला.
आम्ही पण त्यांना ते म्हणतो."

पंखा.
खालून करपत आलेल्या दुधाचा वास.
भरमाने डस्टर शोधलं नाही,
तळहातानेच 'तो' पुसला, 'ते' लिहिलं.
'चिडला' पुसून 'चिडले'.
आणि वाक्य पुन्हा कळेनासं झालं.
एका बसमध्ये दोन ते.
एकाचा हात दांडीवर, एकाचा चामडी पिशवीत,
रागाला मालक नाही.

पुस्तकाचा उपाय सोपा:
शंका आली की सर्वनाम काढा, नाव घाला.
"नावं सांगा."
"मारुती," भरमा म्हणाला.
जरा वेळाने, "बसय्या."
लिहिली. वाक्य बेढब झालं, फळ्याच्या कडेला जाऊन वळलं.
"आता सांग. मारुती चिडले, का बसय्या?"
भरमा खडूच्या पांढऱ्या हाताकडे बघत राहिला.
"दोघंबी," म्हणाला. "आधी आमचेच."

शिवगंगेनं पहिल्यांदा वर पाहिलं.
"मग दे चालेल ना, मॅडम? दे गॉट अँग्री."
चालेल, म्हटलं. आता त्याला माणसं आहेत.

वर्ग सुटला. मल्लव्वाची वही बाकावरच राहिली,
देऊळ अजून सायकलवर.
जिना उतरताना कुंद्याचा वास आला.
इंग्रजीत चूक आहे हे, वासाला पाय नसतात.
मी दुरुस्त केलं नाही.
पाव किलो बांधून घेतला.